एका भुताचे सात भाग

दारव्ह्याच्या तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की त्या वर्षी गावात दोन तट पडले ते एका भुतामुळे. तंबूतल्या टॉकीजला जुन्या कादंबरीवरचा भयपट लागला होता आणि त्यातलं भूत, म्हणजे नायकच, ढसाढसा रडत होतं.

"भूत कधी रडते काय?" हा कापसाच्या जिनिंगच्या मुकादमांचा सवाल. "रडलं म्हणून तं काटा आला!" हा दुसऱ्या तटाचा जवाब.

आमच्या वाचनालयाचे कारकून दोघांनाही एकच विचारत, "कादंबरी वाचली काय, भाऊ?" कोणीच वाचली नव्हती. कादंबऱ्यांचं कपाट कोणी उघडत नाही, हे त्यांचं जुनं दुःख. कोणी पानाचा कोपरा दुमडला, तर हे गृहस्थ त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत. त्यांनीच एका दुपारी, डोळे अर्धे मिटून, त्या कादंबरीच्या एकुलत्या एक प्रतीची शिवण उसवली आणि तिचे सात भाग दोन्ही तटांत वाटून टाकले.

तिसऱ्या दिवशी मुकादम धापा टाकत वाचनालयात आले. मी विचारलं, "काय मुकादम, आता सिनेमातला तो रडणारा नट कसा वाटतो?"

"नटाले घाला चुलीत! पुढचा भाग कोनापाशी हाय, थे सांगा!"