आधी नळावर

आमच्या वाशिमच्या चर्चमध्ये पाळक "आता आपापली पापं देवापुढं कबूल करा" म्हणाले की सगळे डोळे मिटतात. माझ्या पुढच्या बाकावरची मावशी मात्र लगेच डोळे उघडून बसते. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "देवाले सारं मालूमच हाये. ज्याले मालूम नाही, त्याले सांगा ना."

राहते आमच्याच गल्लीत. तोंडाची भलतीच फटकळ. गच्चीवर वाळत घातलेली तिची तूर दिसेना, तेव्हा तिनं गल्लीतल्या नळावर, भरल्या गर्दीत, शेजारच्या नव्या सुनेला चोर म्हटलं. शनिवारी तूर तिच्याच कोठीत सापडली; स्वतःच उचलून ठेवली होती नि विसरली होती. गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? पण रविवारी नळाला पाणी आलं तशी ती चर्चची पांढरी साडी नेसून तिथं उभी राहिली आणि त्याच चढ्या आवाजात म्हणाली, "बायांनो, आयका. तूर माह्याच घरात होती. म्या पोरीवर खोटा आळ घेतला. पोरी, माफ कर मले."

याला छाती लागते.

सासू म्हणाली, "जाऊ द्या ना मावशी." सून हंडा उचलून आत गेली.

त्या दिवशी चर्चमध्ये, पापं कबूल करून मग घ्यायची ती प्रभुभोजनाची भाकर समोर आली, तेव्हा मावशीनं हात पुढं केला नाही. पाळक हळूच म्हणाले, "घ्या मावशी. देवानं क्षमा केली."

"देवानं केली असन," मावशी म्हणाली. "पोरीनं कुठी केली?"