उद्या मास्तरांची तीन मिनिटं

माझ्या थोरल्या भावाला गल्लीत सगळे 'उद्या मास्तर' म्हणतात. दुकानावर पाटी वेगळीच आहे, पण ती वाचतं कोण? कपडे कधी मिळतील, या प्रश्नाला गेली तीस वर्षं दादाचं एकच उत्तर आहे. बरं, तो खोटं बोलत नाही. उद्या होईल असं त्याला मनापासून वाटत असतं. मग तो कापड टेबलावर पसरतो, खडूनं एक रेघ मारतो, चष्मा वर ढकलतो आणि त्या रेघेकडे बघत बसतो. मी शेजारच्या मशीनवर काजं-बटणं आणि तुरपाई करते. त्याचं झाल्याशिवाय माझं काम सुरू होत नाही, त्यामुळे वाट बघणं हाच माझा मुख्य धंदा आहे.

असा माणूस तीन मिनिटांचं बुद्धिबळ खेळायला लागला.

त्याला यात ओढलं त्याच्या लेकीनं. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि बापलेकीचं बोलणं फोनवर आलं. हे बोलणं म्हणजे काय? 'जेवलीस का?' 'जेवले. तुम्ही?' 'जेवलो.' संपलं! फोनवर बोलायचं खातं वहिनीचं होतं, आणि वहिनीला जाऊन सहा वर्षं झाली. शेवटी लेकीनंच युक्ती काढली. दादाच्या मोबाइलमध्ये बुद्धिबळाचं अ‍ॅप टाकून दिलं आणि सांगितलं, रोज दीड वाजता माझ्या जेवणाच्या सुट्टीत तीन डाव. प्रत्येकाला तीन मिनिटं. वेळ संपली की हरलात.

फोन स्पीकरवर ठेवून ते खेळायचे आणि मी ऐकायचे.

"बाबा, तुमचा हत्ती गेला."

"जाऊ दे. नुसता कोपऱ्यात बसून होता."

"अकरा सेकंद राहिलीत बाबा!"

"असू दे गं. घोडा कुठे ठेवू ते तर बघू दे."

घोडा जागेवर आणि डाव खलास. तीन मिनिटांत दादाच्या कशाबशा बारा चाली व्हायच्या. पण हरत असला तरी अर्धा तास तो हसत असायचा. दुकानात त्याला असं हसताना मी फार वर्षांत बघितलं नव्हतं.

आणि मग लेकीच्या ऑफिसनं स्पर्धा काढली. चार-चार जणांचे संघ, त्यात एक जण घरचा चालेल. लेकीच्या संघात घरच्या माणसाची जागा रिकामी होती, पण कप्तानाची अट होती बाराशे गुणांची. या अ‍ॅपवर प्रत्येकाला गुण असतात, जिंकलं की वाढतात, हरलं की घटतात. दादाचे होते एक हजार चाळीस. हातात होता एक महिना. गोम पुढेच होती. संघाचा सराव रोज जेवणाच्या सुट्टीत होणार होता. दादा संघात आला तर दीड वाजताची वेळ राहणार, नाही आला तर ती दुसऱ्याच्या घरच्या माणसाला जाणार.

त्या दिवशी एका सदऱ्याला दादानं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

"उसव," मी म्हटलं, "आणि मला सांग, कॉलर लावताना तू विचार करतोस का?"

"कॉलरला कसला विचार? हात लावतात."

"मग पहिल्या आठ-दहा चाली हातांना करू दे की."

हे त्याला पटलं, आणि पटलं की दादा अति करतो. त्यानं खाकी कागद कापले. आमच्याकडे कॉलर, खांदा, खिसा यांचे कागदी नमुने खिळ्याला टांगलेले असतात. त्यांच्याच शेजारी नवा खिळा ठोकून यानं सुरुवातीच्या चालींचे नमुने टांगले. पांढरी सोंगटी असेल तर हा कागद, काळी असेल तर तो. दोन दिवस घोडा चौखूर उधळला. तिसऱ्या दिवशी लेकीनं वेगळंच प्यादं पुढे केलं आणि हा कागदाप्रमाणेच चालत राहिला. वजीर आयता तिच्या ताटात.

"बाबा, मी काय खेळले ते बघितलंत तरी का?"

दादानं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय आणि मी कागद बघून कापतोय!"

तिथून मात्र त्याची गाडी रुळावर आली. समोरच्यानं काय केलं, माझं काय उघडं पडलं, एवढं बघायचं आणि हात चालवायचा. सकाळी इस्त्री तापेपर्यंत तो एक-दोन चालींत मात देण्याची कोडी सोडवायचा. दिवसाला सहाच डाव, आणि सलग दोन हरला की मोबाइल ड्रॉवरमध्ये. नाहीतर आधी हा चिडून चिडून वीस-वीस डाव हरायचा आणि राग माझ्या काजांवर काढायचा. हरलेला प्रत्येक डाव तो संध्याकाळी सावकाश पुन्हा बघायचा आणि त्यातली एक चूक, एकच, कापायच्या टेबलावर खडूनं लिहून ठेवायचा.

याच टेबलावर एका बँकेतल्या साहेबांची काळी पँट उताणी पसरली गेली. साहेब ती घालून आरशासमोर उभे राहिले, मागून कशी बसलीय ते बघायला वळले आणि थबकले. खडू कापडावर उलटा उमटला होता, आरशात तो सुलटा झाला. साहेबांच्या बैठकीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'वजीर लवकर बाहेर काढू नये.'

"मास्तर, हे काय आहे?"

"नियम आहे साहेब," दादा म्हणाला. "झटकतो. उद्या घेऊन जा."

महिना संपायला दोन दिवस होते आणि गुण झाले होते अकराशे चौऱ्याहत्तर. त्या दुपारी दादानं लेकीला सलग तीनदा हरवलं. तीन डाव, प्रत्येकी अकरा गुण. बाराशे सात! मी मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या. समोरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून सांगितलं. संध्याकाळ होईपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की उद्या मास्तरांचं एकदाचं आज झालं.

संध्याकाळी दादा नेहमीप्रमाणे डाव पुन्हा बघायला बसला. जिंकलेला असला तरी सवय ती सवय. बराच वेळ झाला तरी खडू उचलेना.

"इकडे ये," तो मला म्हणाला. "इथे ती मला एका चालीत मात देऊ शकत होती. ते सोडून तिनं स्वतःचा राजा बाजूला सरकवला. आणि त्याला वीस सेकंद घेतली."

"चुकली असेल."

"चूक दोन सेकंदांत होते गं. वीस सेकंद लागतात ती वाईट चाल शोधायला."

आता दादाचं एक सांगते. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड तो परत देतो. वीतभर चिंधी असली तरी घडी घालून पिशवीत टाकतो. लोक म्हणतात, ठेवा मास्तर, काय करायचंय आम्हाला? हा ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी दीडला डाव सुरू झाला, दादानं एक चाल केली आणि डाव सोडून दिला. दुसरा, तोच प्रकार. जिंकताना अकरा-अकरा आले होते, पण ती गुणांनी वरचढ म्हणून हरताना पाच-सहाच जात. तेहतीस गुण परत करायला दादाला सहा डाव सोडावे लागले. पुन्हा अकराशे चौऱ्याहत्तर.

"बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"तुझं उरलेलं कापड."

ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला ती वेळ दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हती. मी इथे सुट्टीत कुणाशी बोलतच नाही बाबा. तुमच्याशीच बोलते."

मला तर वाटलं, गुण परत घे म्हणावं गधड्याला. प्रामाणिकपणाचंही एक माप असतं! पण दादा म्हणाला, "मग संघात जा. चार माणसांशी बोल. माझे मी मिळवतो." आणि ड्रॉवरचा नियम मोडून तो दुकान बंद होईपर्यंत अनोळखी लोकांशी खेळला. अकराशे एक्क्याण्णव. मुदत संपली. जागा कुणाच्या तरी मेव्हण्याला मिळाली.

पुढचे तीन दिवस दीड वाजता दादा मुकाट डबा खात होता. मेव्हण्याला मी मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. एकदा मीच म्हटलं, माझ्याशी खेळ. तो म्हणाला, तुला घोडा तरी ओळखू येतो का? तेही खरंच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला उशाशी ठेवलेला त्याचा मोबाइल वाजला, इतका की पलीकडच्या खोलीत मी जागी झाले. या पोरीला दहा वर्षं शाळेसाठी दादानं उठवलंय. हाका मारून, पांघरूण ओढून, पाण्याचे शिपके मारून. आठच्या आत तिनं आपणहून डोळा उघडल्याचं एकाही नातेवाइकाच्या ऐकिवात नाही. मी दारात गेले तेव्हा दादा पलंगावर उठून बसला होता आणि चष्मा उलटा लावायच्या खटपटीत होता. फोनवरून ती जांभई देत ओरडत होती, "बाबा, उठा की! तुमची वेळ चालू झालीय!"