साडेसात नंबरची टोपी

आमच्या मामाला कुणीही टोपी घालू शकतं, असं मामी चारचौघांत म्हणते. घरातल्या एकतीस बोलर हॅट बघितल्या की तिला खोडून काढणं जड जातं. काळ्या, कडक, उपड्या वाटीसारख्या, काठ वर वळवलेल्या या टोप्या जुन्या बाजारात दिसल्या की मामाचे पाय तिथेच रुततात. कपाटावर टोप्या, शिलाई मशीनवर टोप्या. पाहुणा आला की आधी खुर्चीवरची टोपी उचलायची आणि मग त्याला बसा म्हणायचं.

मामा चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवायचा. चाळीस वर्षं त्याने लोकांची कानशिलं मोजली. निवृत्त झाल्यावर मोजायला डोकीच उरली नाहीत, म्हणून हा टोप्यांच्या नादी लागला, असा मामीचा निष्कर्ष आहे.

टोपी ओळखायची त्याची रीत ठरलेली. आधी आतून तोंडाची वाफ द्यायची आणि हुंगायचं. फेल्ट, म्हणजे टोपीचं दाबलेल्या लोकरीचं कापड, कडक करायला लाख वापरली असेल तर ऊब लागताच तिचा वास येतो. मग बाहेरच्या फितीचा बो डावीकडे आहे ना, ते बघायचं. शेवटी आतला, कपाळाला लागणारा चामड्याचा पट्टा बोटाने हलकेच उलटायचा. त्याच्यामागे नंबरची चिठ्ठी असते आणि कधीकधी घडी केलेला कागद. टोपी मोठी होत असली की लोक तिथे कागद कोंबत. सगळं पाहून झालं की मामा एक कार्ड लिहितो : कधीची, कुठली, कुणाची. ‘कुणाची’च्या पुढची जागा एकतीसच्या एकतीस कार्डांवर कोरी आहे, आणि त्याची त्याला मनापासून खंत आहे.

म्हणून मीच गणिताच्या बाईंना त्याच्याकडे घेऊन गेले. मला त्या शाळेत शिकवायच्या; अजूनही समोर आल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्यांच्या हातात मिक्सरचं खोकं होतं. त्यातून त्यांनी एक बोलर हॅट काढली आणि एक जुना, तारेच्या काड्यांचा चष्मा.

“माझी आई गेल्या महिन्यात गेली,” बाई म्हणाल्या. “तिच्या ट्रंकेत हे दोन्ही निघालं. मी दुसरीत असताना वडील घर सोडून गेले. चष्मा त्यांचाच, ते ड्रॉवरमध्ये विसरून गेले होते. आई सांगायची, त्यांची फिरतीची नोकरी आहे, अधूनमधून येऊन जातात. मोठा भाऊ म्हणतो, ते परत कधी आलेच नाहीत, आईने तुला टोपी घातली. पण मी पाहिलंय हो त्यांना! संध्याकाळी शिकवणीहून येताना कोपऱ्यावरून आमची खिडकी दिसायची. तिथे पाठमोरे उभे असायचे, कोट आणि ही टोपी. मी धावत जिना चढून जायची, तर आई एकटीच केस विंचरत बसलेली. म्हणायची, आत्ताच गेले मागच्या जिन्याने.”

त्यांनी टोपी मामापुढे सरकवली. “मला एवढंच सांगा, ही टोपी त्यांनी घातलेली आहे का?”

मामाने हात धुतले. वाफ दिली, हुंगलं. “लाख आहे. अस्सल आहे.” मग चष्मा उचलला, आणि मला दुकानातला मामा दिसला. काड्या उघडून त्याने दोन कानांमधलं अंतर मोजलं. “डोकं निमुळतं. पावणेसात नंबर, फार तर.” पट्टा उलटला. चिठ्ठीवर साडेसात होतं.

बाईंचा चेहरा उतरला. साडेसातची टोपी पावणेसातच्या डोक्यावर कानांपर्यंत घसरणार, हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती.

“थांबा, थांबा,” मामा म्हणाला. “कागद आहे. चांगली जाड घडी आहे. लहान डोक्यासाठीच कोंबलाय. त्यांचीच आहे!”

बाई रडायलाच लागल्या. भाऊ खोटा ठरला, आई खरी ठरली, वडील येत होते. मामाने कार्ड ओढलं. बत्तिसावं कार्ड भरणार म्हणून त्याचा चेहरा असा फुलला होता की मलाही भरून आलं.

मामी कॉफी घेऊन आली. ट्रे ठेवायला जागा हवी म्हणून तिने टोपी उचलली आणि तशीच उभी राहिली.

“अहो, ही भोकं कसली?”

“कसर लागलीय. जुन्या फेल्टला लागतेच.”

“कसर अशी समोरासमोर लागते? नेम धरून? ही टोपी केसांत अडकवायच्या लांब पिनांची भोकं आहेत. आणि कागद नुसता पुढेच का? मागे काहीच नाही.”

“पुढे ढिली असेल.”

“मागे अंबाड्याला जागा सोडलीय,” मामी म्हणाली. “ही बाईमाणसाने घातलेली टोपी आहे.”

मामाने भोकांवर बोट ठेवून पाहिलं. एकतीस टोप्या उलट्यापालट्या केल्या, पण टोपीखाली अंबाडा असू शकतो हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला मामीचा क्षणभर रागच आला. एवढं बोलायची काय गरज होती?

बाईंनी स्वतःच कागदाची घडी उलगडली. वहीचं पान होतं. वजाबाकीची पाच गणितं, पाचही चुकलेली, वर लाल शाईत भोपळा आणि कोपऱ्यात बाईंचं नाव. खाली ‘इयत्ता चौथी’.

“चौथी,” बाई म्हणाल्या. वडील तर त्या दुसरीत असतानाच गेले होते.

कॉफीवर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही. बाई त्या पानाकडे बघत होत्या, पण मनात दुसरंच गणित चाललं असावं.

“ते कधी यायचे, आठवतंय मला,” त्या अखेर म्हणाल्या. “मी बाबा हवेत म्हणून रडले, की दुसऱ्या दिवशी. दरवेळी. मला वाटायचं, त्यांना कळतं तरी कसं?”

मामी त्यांच्याजवळ जाऊन बसली. मामाने कार्ड बाजूला सारलं आणि चोरट्यासारखा म्हणाला, “माझं चुकलं हो. मी घाई केली.”

“नाही, लिहा ना,” बाई म्हणाल्या. “भावाला दाखवायचंय. म्हणावं, आईने मला टोपी घातली नाही. स्वतः घातली.”

मामाने पेन उचललं. ‘कधीची’ आणि ‘कुठली’ कोरं सोडलं. ‘कुणाची’च्या पुढे सावकाश, त्याच्या गोल अक्षरात लिहिलं : आईची.