नांदेड ते लातूर, विमानानं अर्धा तास

बायांनो, आज मी लई खूश हाय!

लातुरात नळ आटलेत, म्हणून सकाळी टँकरच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढं धाकटी जाऊ गंगू. तिचं रोजचंच रडगाणं, "पोरगा नांदेडला, लई लांब. उदगीर नवा जिल्हा झाला की बदली घेऊन जवळ येईल."

मला टाइप येत न्हाई, फोनला तोंडानंच विचारलं, "नांदेड ते लातूर किती लांब?" फोन मोठ्यानं बोलला, "विमानानं सुमारे अर्धा तास."

म्हणलं, "गंगे, दोन दिवाळ्या झाल्या, पोरानं तोंड न्हाई दाखवलं. पंख फुटायची वाट बघून राहिला का गं?"

बाया खदखदून हसल्या. गंगू रिकामी घागर घेऊन घरी गेली. घरात एकटीच असती.

रांगेतला तिचा नंबर मला मिळाला. आज मी केसबी धुतले.

आता सांगा, मी अंतरच विचारलं ना?