मेणातला पांढरा ठिपका

मावशी सव्वीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे कापत होत्या. काप इतका पातळ, की त्यात पेशींचा जेमतेम एक थर यावा. "भाजी मात्र जाडजूड चिरते!" असं घरी जाऊबाई चिडवायच्या.

एकदा एका शिक्षिकेच्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून डॉक्टर म्हणाले, "पेशी ठीक आहेत," आणि रिपोर्ट लिहायला बसले.

"थांबा साहेब, तुकड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतोय. अजून खोल कापू?"

"कापा, पण हाती काही लागायचं नाही."

पाचव्या कापात वेड्यावाकड्या पेशींची दाटी दिसली. डॉक्टरांनी रिपोर्ट फाडला. शिक्षिकेवर वेळेत उपचार झाले, ती बरी झाली. मावशींना तिचा फक्त तुकड्यावरचा नंबर ठाऊक होता.