मामांच्या प्रोग्राममधली मराठी

कॉम्प्युटरसमोर बसून त्याला कळणार नाही असंच जास्त लिहिणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच झाला, तो म्हणजे माझे मामेसासरे. सरकारी क्वार्टर कुणी कधी सोडायचं हे ठरवणारा प्रोग्राम आमच्या ऑफिसात त्यांच्याकडे होता. हुकमाची एक ओळ लिहिली, की तिच्या डोक्यावर आठ ओळींची कॉमेंट. म्हणजे कॉम्प्युटर जे ओलांडून जातो आणि फक्त माणूस वाचतो ते. तीही रोमन लिपीत बडवलेल्या मराठीत: ‘ही अट विचित्र दिसेल. दिसू दे. चहा पिऊन ये आणि पुन्हा वाच.’ एका ओळीवर तर ती ज्या मीटिंगमध्ये ठरली तिचा वृत्तान्त होता, गार समोशांसकट.

नवे डायरेक्टर वैतागले. “ये कौन सी भाषा है यार? इंग्लिश में लिखो, नहीं तो हटाओ.”

“सर, पहले पढ़ना सीख लीजिए,” मामा म्हणाले, “हटाने की बात फिर करेंगे.” मेमो आला. मामांनी त्याच्या प्रत्येक वाक्याखाली मराठीत कॉमेंट लिहून तो परत पाठवला.

मी त्यांच्याच हाताखाली, प्रोबेशनवर. मामा लग्नाला पुण्याला गेले आणि साहेबांवर छाप पाडायला मी सगळ्या कॉमेंट्स, एकही न वाचता, उडवल्या. मग उघड्या पडलेल्या प्रोग्रामात एक ओळ दिसली: घर सोडण्याचं कारण क्रमांक सात असेल तर मुदत वाढव. साताला असं काय सोनं लागलंय की त्याचे एवढे लाड? उडवली तीही, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन एक जादा चहा प्यालो.

मामा परतले त्याच दिवशी लक्ष्मीबाई नगरातल्या एक बाई नोटीस घेऊन आल्या. नवरा नोकरीत असतानाच गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. मुलीची बारावीची परीक्षा चालू, आणि घर आठ दिवसांत सोडा. सात म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मामांनी बाईंना खुर्ची दिली, नोटीस फाडली, आणि जुनी प्रत काढून सगळं होतं तसं परत बसवलं, कॉमेंट्ससकट.

“किसने हटाया था?” साहेबांनी विचारलं. मी समोरच्या फायलीत डोकं घातलं.

“ऑर्डर आपका था,” मामा म्हणाले. “अब एक भी लाइन नहीं हटेगी. मेरा प्रमोशन रोकना है तो रोकिए.”

रोखलं. मामा त्याच पदावरून रिटायर झाले. माझ्या पराक्रमाबद्दल मला अवाक्षर बोलले नाहीत, आणि मीही कधी विषय काढला नाही.

ते वारले त्या वर्षी मी तो प्रोग्राम पुन्हा उघडला, आणि या खेपेला वाचला. साताच्या ओळीवर एक कॉमेंट वाढलेली होती: ‘ही ओळ एकदा आमच्या जावयानं काढली. पोरगा हुशार आहे. शेजारच्याच टेबलावर बसायचा, मीच त्याला तोंडी सांगायला हवं होतं. आता पुन्हा कुणी काढणार असेल, तर त्यानं आधी त्या बाईंच्या दारात उभं राहून यावं.’

मी खाली कर्सर नेला. ‘मामा,’ एवढंच लिहिलं, आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.