उतरलेली तांत

माझा आवाज मोठा आहे, आणि नजर त्याहून जड. इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर डोळ्यांनी वर्ग गप्प करायची जी सवय लागते, ती निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर शाळेत ठेवून येता येत नाही. म्हणूनच आमच्या जळगावच्या संगीत मंडळानं त्या कार्यक्रमात श्रोत्यांना शांत ठेवण्याचं काम माझ्याकडे दिलं. मी ते आनंदानं घेतलं, हे आधीच कबूल करते.

कार्यक्रम पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा होता. मुंबईची चाळीसेक तरुण मुलंमुली बॅलेचं संगीत वाजवणार होती, एका संध्याकाळी जळगावात आणि दुसऱ्या संध्याकाळी धुळ्यात. बॅले म्हणजे नाचातून सांगितलेली गोष्ट; इथे मात्र नाच नव्हता, नुसतं संगीत. हे लोकांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेजारणीनं तीनदा विचारलं की नाचणारे मागाहून येणार आहेत का. मी तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हटल्यावर ती म्हणाली की मग नाचाचं संगीत खुर्चीत बसून कशाला ऐकायचं. तेव्हा मला या प्रश्नाचा राग आला. आता वाटतं, प्रश्न काही वाईट नव्हता.

तिकिटं खपेनात, तेव्हा मंडळानं फुकट पास वाटायचं ठरवलं. मी पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत दारोदार फिरले. असोद्याहून दूध घेऊन येणाऱ्या भाऊंना दोन दिले, फैजपूरच्या ओळखीच्या केळी व्यापाऱ्याला सहकुटुंब बोलावलं, आणि एक पास दिला पिंजारी चाचांना.

चाचा सत्तरीच्या पुढचे. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, त्यामुळे बोलतात अहिराणी. त्यांच्या दुकानात मुलांनी कापूस पिंजायचं मशीन आणलंय, पण मशीन काही आमच्या गच्चीवर चढत नाही. म्हणून दिवाळीआधी गाद्या उसवल्या, तेव्हा चाचा स्वतः तांत ताणलेली जुनी कमान खांद्यावर टाकून आले आणि दोन दिवस गच्चीवर कापूस पिंजत बसले. ते जाताना मी पास दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, आत सोडतील का. मी म्हटलं, मी दारातच उभी असेन, कोण अडवतो बघू.

आले ते इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून, अर्धा तास आधी. पुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या तर मंडळाची शोभा झाली असती, म्हणून मीच त्यांना तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. मग माईकवरून सूचना दिल्या. मोबाईल बंद. आपसात बोलायचं नाही. मध्येच टाळ्या वाजवायच्या नाहीत, वाद्यवृंदाचे संचालक आपल्याकडे वळले की मगच वाजवायच्या. ‘वा’, ‘क्या बात है’ वगैरे दाद आपल्या मैफिलीत ठीक, इथे नाही. शेवटचं वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं.

आणि लोक खरंच बसले की शांत. वाद्यवृंद वाजू लागला आणि मी मधल्या वाटेत उभी राहून संगीतापेक्षा माणसंच ऐकत होते. शेजारीण पहिली पाच मिनिटं विंगेकडे बघत राहिली, न जाणो कुणी नाचत येईल म्हणून. दूधवाले भाऊ हाताची घडी घालून असे ताठ बसले होते, जणू त्यांना श्वास घ्यायलाही परवानगी हवी होती. दुसऱ्या रांगेत दोन मुलींचे पाय खुर्चीखाली ताल धरत होते, वरचं अंग मात्र अगदी शहाण्यासारखं स्थिर. केळी व्यापाऱ्याचं लक्ष सगळा वेळ एकाच माणसावर, हातात लोखंडी त्रिकोण धरून मागे उभ्या असलेल्या मुलावर. पुढे त्यानं मला सांगितलं की एवढा वेळ वाट बघून तीनच ठोके द्यायचे आणि तेही बरोब्बर जागेवर, अशी माणसं माझ्याकडे कामाला पाहिजेत. डोळे मिटून डोलणारे एक डॉक्टर मात्र डोलत नव्हते, पेंगत होते.

मग एक संथ जागा आली. बाकी सगळी वाद्यं थांबली आणि एकटी हार्प वाजू लागली. हार्प म्हणजे बसलेल्या माणसापेक्षा उंच, वाकड्या चौकटीत उभ्या ताणलेल्या चाळिसावर तारांचं वाद्य. वाजवणारी मुलगी विशीतली असेल. दोन्ही हातांनी ती तारा छेडत होती आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. मला माझाच अभिमान वाटत होता.

त्या शांततेत चाचा बोलले. ओरडले नाहीत. आपल्याशीच बोलावं तसं, पण स्पष्ट: “एक तांत उतरी गई शे.”

आठ-दहा रांगांना ऐकू गेलं. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बरेच जण हसले. हार्पवाल्या मुलीची मान क्षणभर वर झाली. माझं डोकं तडकलं. मी तिसऱ्या रांगेपाशी गेले आणि वर्गातल्या मुलाला दाखवतात तसं बोट आधी चाचांकडे आणि मग दाराकडे दाखवलं. ते उठले. लोकांच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून कुर्ता सावरत, वाकून, बाहेर गेले. मी दार लोटून घेतलं.

मध्यंतरात मी कलाकारांना चहा द्यायला रंगमंचावर गेले. हार्पवाली मुलगी हातात चावी घेऊन तारांशी खटपट करत होती. चहा नको म्हणाली. आमच्या मंडळाचा काटकसरीचा नियम होता, लोक बसल्याशिवाय एसी लावायचा नाही. तिनं सगळ्या तारा दुपारच्या उकाड्यात जुळवल्या होत्या आणि नंतर थंड कोरडी हवा सुटली. मधल्या पट्टीतल्या तारा आतड्याच्या असतात, त्यातली एक नेमकी तिच्या एकटीच्या जागेवर उतरली. ती म्हणाली, “वाजवताना मला रडू येत होतं. एकच बरं, इथे कुणाला कळलं नसेल.”

एकाला कळलं होतं आणि त्याला मी बाहेर काढलं होतं. मी चहाचा ट्रे तिथंच ठेवून बाहेर धावले. पायऱ्यांवर, फाटकाशी, रिक्षा थांबतात तिथं, सगळीकडे पाहिलं. चाचा नव्हते. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले की एवढं काय मनाला लावून घेता, म्हातारा माणूस, विसरूनही जाईल. मला त्यांचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या भागात काय वाजलं ते मला आजही सांगता येणार नाही.

सकाळी मी स्कूटी काढली आणि चाचांच्या दुकानी गेले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवली होती, पण तिथं पोचल्यावर सरळ म्हटलं की चाचा, माझं चुकलं, तार खरंच उतरली होती. त्यांनी स्टूल पुसून पुढं केलं, चहा सांगितला. तार उतरली होती हे ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. ती तर उतरलीच होती, असा त्यांचा चेहरा. आमच्या कमानीलाही आतड्याचीच तांत असते, ते म्हणाले. पन्नास वर्षं तिला कान लावून बसलोय. उतरलेल्या तांतीनं कापूस फुलत नाही, त्याच्या गाठी होतात, म्हणून आवाज बदलला की हात आपोआप थांबतो. काल तोंडातून निघून गेलं, एवढंच.

मी पुन्हा माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, “बाई, शाळा तुम्हनी व्हती, कायदा बी तुम्हनाच.”

यात राग नव्हता म्हणूनच ते फार लागलं. ते भांडले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. मी म्हटलं की आज संध्याकाळी धुळ्यात तोच कार्यक्रम आहे, तुम्ही माझ्याबरोबर चला. ते नाही म्हणाले, लग्नाच्या गाद्यांचं काम आहे. मी म्हटलं, मी बसते. त्यांना वाटलं चहापुरती बसेन. मी दीड तास बसले. गिऱ्हाइकं आली आणि गेली, धाकट्या मुलानं मला दोनदा पाणी विचारलं, नाकातोंडात कापूस गेला, पण मी हलले नाही. काल सर्वांदेखत ज्याला उठवलं, त्याला पूर्ण कार्यक्रम ऐकवल्याशिवाय मी घरी जाणार नव्हते. शेवटी तो मुलगाच वडिलांना म्हणाला की अब्बा, जाऊन या, नाहीतर बाई इथंच मुक्काम करतील.

चाचांनी हात झटकले. “येस मी तुम्हनासंगे. पन परत तांत उतरनी ते मी सांगसू. मन्हं तोंड तव्हय मन्हं ऐकत नही.”

मी म्हटलं, सांगा. कुणी काही बोललं तर मी आहे.

दुपारची एसटी धरली. पारोळ्यापर्यंत चाचा खिडकीला डोकं टेकून झोपले आणि मी जागी राहून भांडणाची तयारी करत होते. धुळ्याचे लोक आमच्यासारखेच. तिथंही माझ्यासारखं कुणीतरी वाटेत उभं असणार. आणि तसंच होतं. छातीला बिल्ला लावलेला एक उंच स्वयंसेवक, माझ्याच सूचना माझ्याहून खणखणीत आवाजात देत होता. मी चाचांना पुन्हा तिसऱ्या रांगेत बसवलं आणि शेजारची खुर्ची मी घेतली.

धुळ्याचे श्रोते आमच्यापेक्षा मोकळे निघाले. नाचाचा जोरकस तुकडा झाला तेव्हा अर्ध्या सभागृहानं चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या. स्वयंसेवकानं दोन्ही हात वर केले तशा आणखी वाढल्या. वाजवणारी मुलं हसली. एरवी मी या लोकांची कीव केली असती. त्या दिवशी मीही चार टाळ्या वाजवून घेतल्या आणि बरं वाटलं.

मग हार्पची जागा आली. माझं लक्ष तारांकडे नव्हतंच. मी चाचांच्या ओठांकडे बघत होते. ते बोलले तर उठून उभं राहायचं, हे मी ठरवूनच ठेवलं होतं. पाय तयार होते. हार्प वाजत राहिली. चाचांनी एकदा डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली, हाताची बोटं मांडीवर घट्ट धरली. बोलले मात्र नाहीत. जागा संपली, बाकीची वाद्यं आली, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. तार ठीक होती तर.

मध्यंतराचे दिवे लागले. मी हसत विचारलं की आज बरोबर होती ना.

“उतरेल व्हती,” चाचा म्हणाले. “थोडीशी.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तुम्ही बाजूले बशेल व्हतात.”

इतकी वर्षं शाळेत मुलं माझ्यासमोर गप्प बसली, त्याला मी शिस्त म्हणत आले. त्यातल्या किती जणांना काही बरोबर सांगायचं होतं आणि ती माझ्याकडे बघून गिळून बसली, कोण जाणे. ती मुलं आता कुठं शोधू? चाचा मात्र शेजारी बसले होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, चला. ते नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर गेले, मागे चाचा.

हार्पवाल्या मुलीनं मला ओळखलं. मी म्हटलं, काल तुमची तार उतरल्याचं खालून ज्यांनी सांगितलं होतं ते हेच. आजही त्यांना काही सांगायचं आहे. तिनं चाचांकडे पाहिलं, त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर अडकलेल्या कापसाकडे पाहिलं आणि आपली खुर्ची मागे सरकवून त्यांना जागा करून दिली.

चाचा आधी नुसते उभे राहिले. मग जवळ गेले आणि वाकून एक तार बोटानं छेडली, तिच्या शेजारची छेडली, पुन्हा पहिली. “हाई,” ते म्हणाले. मुलीनं चावी लावून फिरवली. त्यांनी कान पुढं केला. “आखो थोडी.” तिनं अजून फिरवली. ते थांबले, पुन्हा छेडली, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. मुलगीही हसली. तिनं त्यांना विचारलं की तुम्हाला हे कसं कळतं, आणि चाचा सांगू लागले. कमान कशी असते, तांत कशी ताणायची, दमट हवेत तिचं काय होतं आणि कोरड्या हवेत काय. हळूहळू दोन व्हायोलिनवाले आले, त्रिकोणवाला मुलगा आला, सगळे गोल करून उभे राहिले. काल सभागृहाबाहेर काढलेला माणूस रंगमंचावर उभा राहून हात हलवत बोलत होता आणि खाली लोक चहाचे कप हातात धरून वर बघत होते.

घंटा झाली. उंच स्वयंसेवक घाईघाईनं वर आला आणि म्हणाला की मध्यंतर संपलं, बाहेरच्यांनी आता खाली उतरावं, बोलणं बंद करावं.

मी त्याच्या वाटेत उभी राहिले. “थांबा,” मी म्हटलं. “चाचांचं अजून बोलून झालेलं नाही.”